कडुनिंबाखाली होस्टा

घरमालकांचा निरोप आला तेव्हा मामी अंगणातल्या दोन कडुनिंबांना पाणी घालीत होती, आणि मी दारात उभा राहून मावळतीकडे पाहत एका अत्यंत उदास विचाराच्या अगदी जवळ पोहोचलो होतो. तो विचार पुढे पूर्ण झालाच नाही. दुबईतल्या ऑफिसातून शारजाच्या घरापर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये असे विचार माझ्या मनात दाटत जातात आणि नेमके दारात पोहोचताच कोणीतरी काहीतरी काम सांगते, ही माझ्या अंतर्यामाची कायमची व्यथा आहे.

"ऐका," म्हणत मामांनी फोन स्पीकरवर लावला. आमच्या ओळीतल्या सगळ्या व्हिलांचे मालक अबू सैफ कधी लिहीत नसत. बोलून निरोप पाठवीत आणि शेवटी 'यल्ला', म्हणजे 'चला आता', म्हणत. त्यांची हिंदी जुनी, खणखणीत आणि लिंगभेदाच्या पलीकडे गेलेली होती.

"राजाभाई, सलाम. तुम्हारे आँगन में मिट्टी बहुत है. हवा चलता है तो उडता है, सबका गाडी खराब, सबका मगज खराब. बाकी व्हिला में मैंने इंटरलॉक लगा दिया, खलास. तुम्हारे में भी लगाएगा. दो झाड है, वो निकालेगा. नहीं निकालना तो नीचे मिट्टी मत दिखाओ. कुछ अच्छा लगाओ, चमकने वाला. रमजान से पहले मैं खुद आके देखेगा. यल्ला."

इंटरलॉक म्हणजे सिमेंटच्या लाद्या. त्या एकदा बसल्या की जमिनीला श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि झाडांना तर उभे राहायलाच नाही. मामीने पाण्याचा पाइप खाली ठेवला. ती काही बोलली नाही, आणि मामी जेव्हा काही बोलत नाही तेव्हा आमच्या घरात फ्रिजचा आवाज ऐकू येऊ लागतो.

ते दोन कडुनिंब तिने लिंबोळीपासून वाढवले होते. समुद्राकाठच्या फुटपाथवर पडलेल्या लिंबोळ्या पदरात, म्हणजे खरे तर ओढणीत, बांधून आणून तिने त्या लबानच्या, म्हणजे इथल्या विकतच्या ताकाच्या, रिकाम्या डब्यांत रुजवल्या. आता ती झाडे माझ्यापेक्षा हातभर उंच झाली होती. उंची सोडल्यास आमच्यात साम्य पुष्कळ होते: अंगाने किडकिडीत, स्वभावाने गप्प आणि सावली देण्याच्या बाबतीत अजून आशा ठेवण्याजोगे. परंतु पाडव्याला आमच्या ओळीतल्या आणि मागच्या ओळीतल्या सगळ्या मराठी घरांच्या गुढ्यांना डहाळ्या पुरवायच्या त्या ह्याच झाडांनी. रस्त्याकडेला कडुनिंब रग्गड आहेत, पण परक्या देशाच्या सरकारी झाडाला हात लावण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणातही नाही. त्यामुळे पाडव्याच्या सकाळी मामीच्या दारात जी रांग लागे, तिच्यासमोर मामी एखाद्या संस्थानिकासारखी उभी राहून डहाळी डहाळी मोजून देई. वर्षातला तो एक दिवस तिच्या मालकीचा होता.

"आपल्या घरात बॉटनीचा माणूस आहे," मामा फोन खिशात ठेवत म्हणाले, आणि दोघांनी माझ्याकडे पाहिले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मी पुण्याच्या एका कॉलेजातून वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली आहे, हे खरे. त्यानंतर मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका शटर बनवणाऱ्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर झालो, हेही खरे. वनस्पतींशी माझा उरलेला संबंध म्हणजे रिसेप्शनमधला प्लास्टिकचा पाम, ज्याची पाने पुसली जात असताना मला उगाच वाईट वाटते. तरीही "बॉटनीचा माणूस" हे शब्द कानावर पडताच माझ्या आत, फार खोलवर, काहीतरी ताठ उभे राहिले. लाजाळू माणसाला मान क्वचित मिळतो. मिळाला की तो त्याच्या डोक्यात जातो.

सल्ल्यांना मात्र त्याच संध्याकाळी सुरुवात झाली. शेजारचे सुदेशकाका हमरिया फ्री झोनमधून नुकतेच परतले होते. हातात जेवणाचा डबा तसाच ठेवून ते कुंपणाशी आले.

"कार्पेट टाक," ते म्हणाले. "हिरवं प्लास्टिकचं. आमच्या ऑफिसच्या दारात आहे. पाणी नको, खत नको, व्हॅक्यूम मारला की काम खलास."

"काहीतरी उपयोगाचं लावा हो," त्यांच्या मागून अनुराधाकाकू म्हणाल्या. "पुदिना लावा. कोथिंबीर लावा. नुसतं बघायचं म्हणून कोणी माती उकरतं का?"

"सदाफुली," मामा म्हणाले. "मरत नाही."

सदाफुली मरत नाही, हाच माझा तिच्यावरचा आक्षेप होता. जे कोठेही उगवते, ते निवडण्यासाठी पदवी कशाला हवी? मी खोलीत गेलो, दार लावले आणि इंटरनेटवर जगातल्या उद्यानांत भटकू लागलो. आणि तेथे मला तो लेख भेटला. कोण्या उत्तरेकडच्या देशातल्या बाईंनी आपल्या घरासमोरच्या कोवळ्या झाडांखाली होस्टा लावले होते. रुंद, भरदार, शिरा उठून दिसणारी पाने. काहींचा रंग असा सोनेरी की सायंकाळचे ऊन जमिनीवर सांडून तसेच राहिले असावे. बाईंनी लिहिले होते की होस्टा हा सावलीचा जीव आहे खरा, पण झाडे लहान असली, सावली विरळ असली, तरी घाबरू नये. पिवळ्या आणि जाड पानांच्या जाती ऊन सोसतात. शिवाय त्यांची मुळे कोवळ्या झाडांच्या मुळांशी भांडत नाहीत.

'ऊन सोसतात' ह्या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला. ऊन म्हणजे बाईंच्या मते काय, हे विचारण्याचे मला सुचले नाही. पुढे कळले की त्यांच्या गावी सूर्य हा सोवळ्यातल्या पाहुण्यासारखा येतो, थोडा वेळ खुर्चीच्या कडेवर बसतो आणि चहासुद्धा न घेता निघून जातो. आमच्याकडचा सूर्य घरजावई आहे.

जेवताना मी माझी निवड जाहीर केली. निळसर पानांपेक्षा पिवळी का बरी, पातळपेक्षा जाड का बरी, हे मी इतके सलग बोललो की मामीने वाढता वाढता डाव हवेत धरला. एवढे बोललेला मी तिने पूर्वी पाहिलेला नव्हता.

"हे इथे कोणी लावलंय का?" मामांनी विचारले.

"नाही."

"का नाही लावलं?"

"कोणाला सुचलं नसेल."

मामांनी आमटीकडे पाहिले आणि ते आमटीच खात राहिले. मामीने एवढेच विचारले, "झाडं राहतील ना रे?" तिच्या ह्या प्रश्नाला 'हो' म्हणताना माझा आवाज जरा जास्तच खोल आला. तो शब्द देण्याची मला अजिबात गरज नव्हती.

नर्सऱ्यांतून हिंडण्यात पुढचे दोन शुक्रवार गेले. प्रत्येक ठिकाणी मी फोनवरचा फोटो दाखवी, प्रत्येक ठिकाणी "मंगा देंगे, इन्शाल्ला" असे उत्तर मिळे, आणि प्रत्येक ठिकाणाहून मी त्या माणसाचे मन मोडू नये म्हणून एक पिटुनियाची कुंडी विकत घेऊन परते. अखेर मी हॉलंडहून थेट कंद मागवले. किंमत दिऱ्हाममध्ये पाहून मी गंभीर झालो आणि मनात रुपये करून पाहिल्यावर ती कोणालाही न सांगण्याचे ठरवले.

पार्सल विमानतळाच्या कार्गोत अडकले. त्याला दोष देता येत नाही. पिशवीत भुशात गुंडाळलेले जे काही होते ते धड कंदही दिसत नव्हते, बीही दिसत नव्हते, आणि रोप तर नव्हतेच. पहिल्या खिडकीने ते भाजीपाल्यात बसत नाही म्हणून दुसऱ्या खिडकीकडे पाठवले. दुसरीने त्याला फुले नाहीत म्हणून पुन्हा पहिलीकडे. शेवटी एका प्रौढ, शांत, सुंदर दाढीच्या अधिकाऱ्यासमोर मी उभा राहिलो. त्यांनी पिशवी उजेडाकडे धरली.

"जिंजर?"

"नो, सर. होस्टा."

"फॉर ईटिंग?"

"नो, सर."

"मेडिसिन?"

"नो, सर."

"देन व्हॉट इट डज?"

हा प्रश्न मला कोणीतरी आयुष्यात एकदा विचारावा असे वाटत आले होते. मी म्हणालो, "इट इज लुक्ड अ‍ॅट, सर." म्हणजे ते पाहायचे असते.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. बहुधा कीव आली असावी. शिक्का उचलून त्यांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली, "शुअर? नो ईटिंग?"

"सर," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "नोबडी विल एव्हर ईट धिस."

मी ते अत्यंत प्रामाणिकपणे म्हणालो होतो.

फेब्रुवारीचा तो काळ आमच्याकडचा मायाळू ऋतू. मी दोन्ही कडुनिंबांभोवती, मुळांना धक्का न लावता, कंद लावले आणि रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी अंधारात वाकून मातीकडे पाहू लागलो. एके दिवशी माती किंचित उचललेली दिसली. मग गुंडाळलेली, टोकदार पाने वर आली, आणि एका सकाळी त्यांतले एक उलगडले. काय सांगावे? ते पान इतके ताजे, इतके सोनेरी आणि स्वतःविषयी इतके निःशंक होते की मी त्या दिवशी ऑफिसात एका शटरची ड्रॉइंग चुकीच्या प्रोजेक्टला पाठवली आणि मला त्याचे काहीही वाटले नाही. परदेशी आलेल्या कोणीही इतक्या विश्वासाने हात पसरू नयेत, असेही मात्र कुठेतरी वाटून गेले.

मार्च लागला आणि उन्हाने ओळख दाखवली. पानांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या. कडुनिंबांची सावली चाळणीतून पडावी तशी पडत होती. जेथे नको तेथे दाट, जेथे हवी तेथे भोक. मी छत्र्या आणल्या. मामांची कंपनीतून मिळालेली मोठी छत्री, मामीची फुलाफुलांची छत्री आणि सुदेशकाकांनी पुण्याहून आणून कधीही न उघडलेली काळी छत्री, अशा तीन छत्र्या बांबूंना बांधून मी अंगणात उघडल्या. ह्या देशात जो पाऊस वर्षातून एखाद-दोनदा येतो, त्याच्या स्वागताला आमचे अंगण सज्ज झाल्यासारखे दिसू लागले. वॉचमन रोज येऊन आकाशाकडे पाहून जाई.

"ताक घाल मुळाशी," सुदेशकाका म्हणाले.

"चहाची पावडर," मामी म्हणाली.

"मीठ घातलंस का?" हे मागच्या ओळीतल्या एका गृहस्थांनी फोन करून विचारले. त्यांना मी ओळखत नव्हतो. का घालायचे हेही त्यांनी सांगितले नाही.

मी संध्याकाळी बर्फाचे खडे बुंध्याशी ठेवू लागलो. "ह्या घरात माणसाला गार पाणी मिळत नाही," मामा रिकामा ट्रे हलवत म्हणाले, "आणि पाल्याला बर्फ." काकूंची धाकटी इशिता कुंपणावर हनुवटी टेकून हा सोहळा पाही. एकदा तिने विचारले, "दादा, आर दे इन हॉस्पिटल?" मी पुढच्या बुंध्याशी खडे ठेवू लागलो. लहान मुले कधीकधी फार अचूक बोलतात, आणि अशा वेळी मोठ्यांनी दुसरीकडे पाहावे.

कारण मला आतून कळले होते. वनस्पतिशास्त्र मी विसरलो होतो, पण पुरेसे विसरलो नव्हतो. होस्टाला हिवाळ्यात गारठा लागतो, त्यात तो झोपतो, आणि त्या झोपेवर पुढचे वर्ष काढतो. आमच्याकडे गारठा फक्त मॉलमध्ये असतो. मे महिना ही पाने पाहणार नव्हती. मला तर केवळ अबू सैफ येईपर्यंत त्यांना जगवायचे होते. रोज संध्याकाळी बर्फ ठेवताना मी त्यांच्याशी सभ्यपणे खोटे बोलत असे, आणि मामी विचारी, "छान आहेत ना?" तेव्हा तिच्याशीही.

अबू सैफचा निरोप आला: बुधवारी, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, जरा आधी. गुरुवारपासून रमजान सुरू व्हायचा होता. आणि बुधवारी पाडवा होता.

पाडव्याची सुटी आम्हांला नसते. मी उजाडण्यापूर्वी निघालो. निघताना तिन्ही छत्र्या नीट खाली ओढून, पानांवर अगदी टेकवून ठेवल्या, म्हणजे दिवसभराचे ऊन एका तिरिपेनेही आत शिरू नये. सोनेरी पाने त्या दिवशी तेजाच्या शिखरावर होती. कडांचे तपकिरी भाग मी आदल्या दिवशी कात्रीने नाजूकपणे कापून टाकले होते. संध्याकाळी मालक आले की छत्र्या एकामागून एक उचलायच्या, पडदा वर जावा तसे; ह्या क्षणाची मी ऑफिसात दिवसभर तालीम करीत होतो. न बोलता करता येण्यासारखे शौर्य माझ्या वाट्याला क्वचितच येते.

ट्रॅफिकने मला छळले आणि मी दारात पोहोचलो तेव्हा अबू सैफची पांढरी गाडी कोपऱ्यावर वळतच होती. मामा-मामी बर दुबईच्या देवळात जाऊन दुपारीच परतले होते. मामीने नऊवारी नव्हे पण ठेवणीतली पैठणी नेसली होती आणि ती पायरीवर इतकी ताठ उभी होती की मला तिच्याकडे पाहवेना. गुढी वर वाऱ्यावर हलत होती. कडुनिंबाचा पाला तिच्यावर नुकताच कोमेजू लागला होता.

अबू सैफ उतरले. उंच, वयस्कर, पांढऱ्या, पायघोळ कंदुऱ्यातले, हातात तस्बीची जपमाळ. "हॅपी न्यू इयर, राजाभाई," ते म्हणाले, कारण त्यांना सगळे ठाऊक असे. मग छत्र्यांकडे पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. "बारिश आएगा?"

"सर," मी म्हणालो, "प्लीज सी." आणि पहिली छत्री उचलली.

खाली माती होती. मातीतून बोटभर उंचीचे देठ वर आले होते, नीट तिरके कापलेले. पान एकही नव्हते.

मी दुसरी छत्री उचलली. तिसरी उचलण्याचे खरे तर कारण उरले नव्हते, पण हात तालमीप्रमाणे चालत राहिले. तिच्याखालीही तेच. दिवसभर त्या छत्र्यांनी माझ्या देठांचे उन्हापासून निष्ठेने रक्षण केले होते.

मामांनी घसा खाकरला. मामीचा हात पुढे येऊन अगदी हळू कडुनिंबाच्या खोडावर टेकला, जसा आपण गर्दीत मुलाच्या खांद्यावर ठेवतो.

"ये चमकने वाला है?" अबू सैफनी विचारले.

तेवढ्यात कुंपणाचे फाटक वाजले आणि सुदेशकाकांना मागे घेऊन अनुराधाकाकू नव्या साडीत, दोन्ही हातांत भले मोठे ताट धरून आत आल्या. ताटावरचा रुमाल बाजूला करीत त्या म्हणाल्या, "वेदांग, काय कोवळं अळू होतं रे तुझं. एक दोरा नाही देठाला. म्हटलं, गरम गरमच नेऊन देऊ."

ताटात वड्या होत्या. खमंग, तळलेल्या, तीळ लावलेल्या, आणि कापलेल्या प्रत्येक वडीच्या पोटात गोल गोल वळत गेलेली एक सोनेरी-हिरवी रेघ.

"शोभनाताईंनीच सांगितलं," माझ्या चेहऱ्याकडे पाहून काकू जरा सावधपणे म्हणाल्या. "मी सकाळी कडुनिंबाला आले, तर ह्या आंघोळीला. खिडकीतून म्हणाल्या, घे ना, काय हवं ते घे. छत्रीखाली बघते तर एवढं अळू. मनात म्हटलं, बघा, ऐकलं शेवटी ह्यानं. काहीतरी उपयोगाचं लावलं."

मामीने डोळे मिटले. खिडकीतून ती तसे म्हणाली होती.

त्यानंतर जे घडले ते मराठी गृहिणीच्या शरीरात उपजत असलेल्या कुठल्याशा यंत्रणेमुळे घडले. घर जाईल, झाडे जातील, पण पाहुणा पाडव्याच्या दिवशी दारातून तसाच जाणार नाही. मामी खोडावरचा हात काढून म्हणाली, "भाईसाब, आज हमारा नया साल है. ऐसे कैसे जाएँगे? अंदर आइए." आणि अबू सैफ, बहुधा वाईट बातमी बसून द्यावी म्हणून, आत आले.

वड्या टेबलावर ठेवल्या गेल्या, आणि त्या क्षणी मला तो लेख पुन्हा आठवला. त्याच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, बाईंनी लिहिले होते की होस्टा कुत्र्यामांजरांच्या पोटाला बाधतो. माणसांविषयी बाईंनी काही लिहिले नव्हते. त्यांच्या गावी माणसे होस्टा खात असतील अशी शंका त्यांना आलीच नसणार.

"हे खाऊ नका," मी म्हणालो. फार हळू म्हणालो असणार, कारण सुदेशकाकांनी दुसरी वडी उचलली.

"हे अळू नाही," मी पुन्हा म्हणालो, ह्या वेळी मोठ्याने. "होस्टा आहे. शोभेचं झाड. हॉलंडचं."

"घशाला खाजलं का?" काकूंनी सुदेशकाकांना विचारले.

"अजिबात नाही."

"मग? चिंच घातली, गूळ घातला, वाफवलं, तळलं. अळूच ते. मी काय आज पहिल्यांदा करते आहे का?"

"काकू, मी बॉटनी..."

"अरे, तू कागदावर शिकलास. मी ओट्यावर."

अबू सैफनी एक वडी उचलून न्याहाळली, तोंडात टाकली आणि विचारपूर्वक चावली. माझ्या डोळ्यांसमोर शारजातले सर्व दवाखाने अंतराच्या क्रमाने उभे राहिले. त्यांनी दुसरी उचलली. घरमालकाला होस्टा खाऊ घालणाऱ्या भाडेकरूला कायदा काय म्हणत असेल ह्याचा विचार करीत मी स्वतःही एक वडी घेतली. व्हायचे ते निदान सर्वांना मिळून व्हावे, एवढीच त्यामागे भावना होती. वडी उत्तम झाली होती. त्याने माझे दुःख वाढले.

टेबलाखाली फोन धरून मी शोधू लागलो. कुत्री. मांजरे. पुन्हा कुत्री. पलीकडे अबू सैफ तिसरी वडी घेत होते. मांजरे. बागेतल्या गोगलगायी. आणि मग, एका अनोळखी पानावर, जपानी स्वयंपाकघरातला एक फोटो: लाकडी पाटावर होस्टाचे कोवळे कोंब आणि शेजारी एक हसरी बाई. जपानात हे भाजी म्हणून खातात, असे लिहिले होते. बाजारातून विकत आणतात. तळतातही.

मी फोन खाली ठेवला. खुर्चीच्या पाठीला टेकलो. कित्येक आठवड्यांत मी खुर्चीला टेकलो नव्हतो हे मला पाठ टेकल्यावर कळले. सगळे जगणार होते.

"ये पत्ता," अबू सैफ बोटे पुसत म्हणाले, "उसी झाड के नीचे का है?"

"हाँ जी," काकू अभिमानाने म्हणाल्या. "आज सुबह काटा."

ते उठून दाराशी गेले. बाहेर संध्याकाळ उतरत होती आणि देठांच्या कापलेल्या टोकांवर पाण्याचे थेंब आले होते. त्यांच्या हातातली तस्बी थांबली.

"मेरा माँ का घर में खजूर था," ते आमच्याकडे न वळता म्हणाले. "खजूर के नीचे माँ मूली लगाता था, भाजी लगाता था. नीचे का जमीन कभी खाली नहीं छोडता था. काटता था, फिर आता था. हम लोग वो सब पे इंटरलॉक लगा दिया." मग ते वळले. "मैंने बोला था देखने का लगाओ. तुम खाने का लगाया. अच्छा किया. झाड रहने दो."

"दोनों?" मामीने विचारले.

"दोनों. लेकिन ये," त्यांनी ताटाकडे बोट दाखवले, "अगला साल तुम्हारा ईद रमजान में आएगा. इफ्तार को भेजना. यही पत्ता."

मामी स्वयंपाकघरात गेली. बेसिनचा नळ बराच वेळ उगाच वाहत राहिला. परतली तेव्हा तिच्या हातात वाटी होती: कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, जिरे. "ये भी इसी झाड का है," ती म्हणाली. "पहले ये खाना पडता है. हम लोग उलटा कर दिया." अबू सैफनी चमचाभर तोंडात घातले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर असे काही उमटले की मला इंटरलॉक पुन्हा दिसू लागले. पण त्यांनी गिळले, आणि म्हणाले, "माशाल्ला. बहुत ताकत वाला झाड है."

गाडी गेल्यावर मामा छत्र्या मिटू लागले. "होस्टा," ते स्वतःशी म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी प्रथमच हसले.

होस्टांनी एप्रिलमध्ये एकदोन पाने वर काढून पाहिली आणि मेमध्ये, मला अपेक्षित होते तसे, ते निमूट मावळले. त्यांना पुरण्याची वेळ आली नाही. मला वाईट वाटले, पण फार नाही. उन्हाने कडेकडेने करपत जाण्यापेक्षा चिंचगुळात, तिळात, चारचौघांच्या कौतुकात गेलेले बरे, असे मला वाटते. त्यांच्या जागी मी खरे अळू लावले. एसीचे ठिबकणारे पाणी नळीने तेथे सोडले आणि ते ढोलाएवढी पाने घेऊन माजले. कडुनिंबांची सावलीही आता अंगणात एका खुर्चीपुरती पडते. संध्याकाळी मी तेथे बसतो आणि माझे उदास विचार पूर्ण होऊ लागले आहेत. पूर्ण झाल्यावर ते तितके उदास नसतात, असे आढळून आले आहे.

एवढ्यावर हे संपायला हवे होते. पण दिवाळीत काकूंनी नव्या अळूच्या वड्या केल्या आणि एक घास खाऊन ताट बाजूला सारले.

"खाजतंय," त्या म्हणाल्या. "पाडव्याचं अळू ते अळू. कुठून आणलं होतंस?"

"तो होस्टा होता, काकू."

"तेच आण," त्या म्हणाल्या. आणि पुढच्या आठवड्यात मामांच्या फोनवर खणखणीत आवाज आला: "राजाभाई, इफ्तार का याद है ना? वही पत्ता."

म्हणून फेब्रुवारीच्या एका सकाळी मी पुन्हा कार्गोच्या त्याच खिडकीपाशी उभा राहिलो. त्याच सुंदर दाढीच्या अधिकाऱ्याने तशीच भुशाची पिशवी उजेडाकडे धरली. त्यांनी मला ओळखले.

"द वन टु लुक अ‍ॅट," ते म्हणाले आणि शिक्का उचलून सवयीने विचारते झाले, "नो ईटिंग?"

मी गप्प राहिलो असतो तर पाच मिनिटांत बाहेर पडलो असतो. पण ज्या माणसाला मी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता, त्याच्यासमोर हात आपोआप पुन्हा तेथे गेला.

"सर," मी म्हणालो, "लिटल ईटिंग."

त्यांनी शिक्का खाली ठेवला. माझ्याकडे, पिशवीकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग हसू दाबीत पिशवी माझ्या हाती परत दिली आणि जिन्याकडे बोट केले.

"फूड इज अपस्टेअर्स, हबीबी. यल्ला."

मी पिशवी छातीशी धरून जिना चढू लागलो. वर रांग मोठी होती.